डॉलीचे तीन ठोके

नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या गल्लीत मला ‘विमानवाले’ म्हणतात. कुरियरवाला पत्ता विचारत आला की शेजारचे काका त्याला सांगतात, “ते विमानवाले ना? पिवळं गेट.” मी सकाळी डबा घेऊन जातो आणि संध्याकाळपर्यंत एखादं विमान तयार करून परत येतो, असं बहुतेक त्यांना वाटतं. एका मावसभावाने मुलगी-जावयाला गोव्याला पाठवायचं म्हणून मला फोन केला होता. तुमच्या कंपनीत तिकीट कितीने कमी होईल? मी म्हटलं, आमच्याकडे तिकीट मिळत नाही, अख्खं विमानच घ्यावं लागतं. तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही.

या अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी नाहीच म्हणणार होतो. माझ्या कामात सांगण्यासारखं शौर्य नाही. मी वैमानिक नाही, इंजिनियरही नाही. आधी रिव्हेट मारत होतो, मग दुसऱ्यांनी मारलेले रिव्हेट तपासू लागलो. पण एका माणसाबद्दल आणि माझ्या एका चुकीबद्दल मला कधीतरी लिहायचंच होतं. त्या माणसाला विचारून लिहितो आहे. तो म्हणाला, “लिही ना गा. फक्त मले देव करू नको. गावात लोक हासतीन.”

आमच्या कंपनीचं नाव वैनतेय. नागपूरच्या दक्षिणेला, विमानतळाच्या पलीकडे तिच्या लांबच लांब शेड आहेत. आम्ही तीन प्रकारची प्रवासी विमानं बनवतो. चाळीस माणसांचं, सत्तर माणसांचं आणि एकशे दहा माणसांचं. कंपनीच्या कागदांवर त्यांना अक्षरं आणि आकडे आहेत, पण शेडमध्ये ती नावं कोणी घेत नाही. चाळिसाचं ती टिटवी, कारण ती कुठल्याही आखूड धावपट्टीवर उतरते आणि उतरताना जगाला सांगते. सत्तराचा तो बगळा, लांब मानेचा आणि पांढरा. एकशे दहाची ती घार. ही नावं कोणी ठेवली माहीत नाही, पण एकदा एका संचालकांच्या तोंडून भर बैठकीत ‘बगळा’ निघून गेलं, तेव्हापासून त्यांना अधिकृत मान्यता मिळाली असं आम्ही मानतो.

गिऱ्हाईकही आमच्याकडे तऱ्हेतऱ्हेचे येतात. एका दूरच्या बेटावरच्या विमान कंपनीचे कॅप्टन टिटवी बघायला आले होते. त्यांनी इंजिन पाहिलं नाही, पंख पाहिले नाहीत. सोबत आणलेली बायकोची सुटकेस उचलली आणि सामानाच्या कप्प्यात घालून बघितली. बसली नाही. आडवी घातली, उभी घातली, शेवटी गुडघा लावून ढकलली. “आमच्या बेटावर सगळ्यांच्या बायकांकडे हीच सुटकेस आहे,” ते गंभीरपणे म्हणाले. कप्प्याचं दार दोन बोटं रुंद केलं तेव्हा सही झाली. आजही टिटवीचा तो कप्पा आमच्याकडे ‘वहिनीचा कप्पा’ म्हणून ओळखला जातो.

आणि खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा होते, तशी आमच्या शेडमध्ये रिव्हेट गनची आणि ड्रिलची होते. पण विमानाच्या कारखान्यात सुटी वस्तू म्हणजे शत्रू. एखादा नट, पत्र्याचा कीस, पेनाचं टोपण विमानात राहिलं तर कुठे जाऊन अडकेल सांगता येत नाही. मग अक्षतांचं काय? पहिल्या वर्षी क्वालिटीच्या प्रमुख नाफडे मॅडमनी तोड काढली. प्रत्येकाला एकवीस अक्षता मोजून दिल्या आणि पूजेनंतर ताटातल्या एकवीस मोजून परत घेतल्या. एकाकडे वीसच निघाल्या. शेडचं काम दोन तास बंद. सगळे गुडघ्यांवर बसून तांदळाचा एक दाणा शोधत होतो. तो त्याच्याच मिशीत सापडला. आजही आमच्या पूजेत अक्षता मोजून मिळतात, आणि मिशीवाले आधी मिशी झटकतात.

हे सगळं हसण्यावारी सांगतो आहे, पण त्यात आमच्या कामाचं मर्म आहे. आमच्याकडे लहान चूक अशी काही नसते. सांगितलेली चूक असते आणि लपवलेली चूक असते.

आता रिव्हेट म्हणजे काय ते सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

विमानाचं अंग पातळ पत्र्याचं असतं. ते पत्रे आतल्या सांगाड्याला जोडतात ते रिव्हेटने. रिव्हेट म्हणजे डोकं असलेला बोटाच्या पेराएवढा मऊ खिळा. दोन पत्र्यांतून आरपार छिद्र पाडायचं, त्यात रिव्हेट घालायचा. मग बाहेरचा माणूस हवेच्या दाबावर चालणारी गन रिव्हेटच्या डोक्यावर धरून धडधडवतो. त्याच क्षणी आतल्या माणसाने रिव्हेटच्या दुसऱ्या टोकाला एक लोखंडी ठोकळा घट्ट टेकवलेला असतो. तो ठोकळा म्हणजे डॉली. गनच्या दणक्याने ते टोक डॉलीवर चेपतं, बटणासारखं पसरतं, आणि पत्रे कायमचे एक होतात.

म्हणजे या कामाला दोन माणसं लागतात आणि दोघांच्या मध्ये विमान असतं. एकमेकांचं तोंड दिसत नाही. आवाज इतका की ओरडून उपयोग नाही. म्हणून बोलणं डॉलीने होतं. आतला माणूस पत्र्यावर डॉलीने ठोके देतो. एक ठोका म्हणजे अजून थोडी मार. दोन ठोके म्हणजे चांगला बसला, पुढे चल. तीन ठोके म्हणजे बिघडला, काढ. तीन आले की गनवाल्याने त्या रिव्हेटभोवती पिवळ्या पेन्सिलीने गोल करायचा आणि ओळ संपल्यावर तो ड्रिलने काढून नवा मारायचा. गनवाल्याला आतलं टोक दिसतच नाही. म्हणून डॉलीवाल्याचे ठोके शेवटचे. त्यावर वाद नाही.

माझे डॉलीवाले होते शंकरभाऊ ठवकर. कुहीजवळच्या एका खेड्यातले. घरची धानाची शेती भावाकडे, आणि हे तरुणपणी नागपुरात येऊन पंधरा वर्षं बसच्या बॉडीला रिव्हेट मारत होते. कंपनी सुरू झाली तेव्हा भरतीच्या परीक्षेत त्यांना साहेबांनी विचारलं, बस आणि विमानात काय फरक? ते म्हणाले, “बस बंद पडली तं उतरून ढकलता येते.” तिथल्या तिथे घेतलं त्यांना.

मी डिप्लोमा करून आलो होतो, कागदावर त्यांच्यापेक्षा शिकलेला. पहिल्या आठवड्यात माझी गन घसरली आणि पत्र्यावर चंद्रकोरीसारखा ओरखडा आला. मी रडकुंडीला आलो. शंकरभाऊ आतून बाहेर आले, ओरखड्यावरून अंगठा फिरवला.

“हे पाय, पत्रा हासून राहिला तुले,” ते म्हणाले. “जा, साहेबाले सांगून ये.”

“तुम्ही सांगाल का?”

“काहून गा? गन माह्या हातात होती का?”

मी जाऊन सांगितलं. शिक्षा झाली नाही, पत्रा बदलला. परत आलो तेव्हा त्यांनी डॉली उचलली आणि आत गेले, जसं काही झालंच नव्हतं. मला वाटतं, आयुष्यात मला मिळालेलं सगळ्यात चांगलं शिक्षण त्या दहा मिनिटांत मिळालं. आणि तरीही मी ते विसरलो.

सहा वर्षं आमची जोडी होती. त्यांचे ठोके मी झोपेतही ओळखले असते. त्यांचे दोन ठोके मोकळे, गप्पा मारल्यासारखे. तीन मात्र सावकाश, एकेक वेगळा, की चुकायला जागाच नको.

हे अकरा वर्षांपूर्वीचं. चौथा बगळा तयार होत होता. शेपटीकडचा निमुळता ड्रम आमच्याकडे होता. शेडमध्ये विमानाच्या गोल अंगाला ड्रमच म्हणतात. त्या दिवशी साडेतीन वाजता माझी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी मुलाखत होती. इन्स्पेक्टर म्हणजे तपासणारा. त्याला स्वतःच्या नंबरचा रबरी शिक्का मिळतो आणि तो शिक्का उमटल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. मी त्या जागेसाठी दोन वर्षं अभ्यास केला होता.

पावणेतीनला शेवटची ओळ चालू होती. शंकरभाऊ ड्रमच्या टोकाला कुशीवर आडवे पडून हात लांब करून डॉली धरत होते. गुडघे पोटाशी. शेवटून तिसरा रिव्हेट. मी गन मारली.

ठक. ठक. ठक.

मी ते स्पष्ट ऐकले. आजही ऐकू येतात. पेन्सिल कानावर होती. तो रिव्हेट काढायचा म्हणजे ड्रिल आणा, काढा, छिद्र तपासा, मोठ्या मापाचा रिव्हेट स्टोअरमधून सही करून आणा. अर्धा तास तरी. मी घड्याळ बघितलं. मनात म्हटलं, उद्या सकाळी लवकर येऊन करतो. पेन्सिल कानावरच राहिली. पुढचे दोन रिव्हेट मारले, कागदावर ‘ओळ पूर्ण’ लिहिलं, सही केली आणि ड्रमवर हात आपटून ओरडलो, “शंकरभाऊ, निघतो मी!” आतून ते काहीतरी म्हणाले. मी थांबलो नाही.

मुलाखतीत नाफडे मॅडमनी विचारलं, “तुमच्या स्वतःच्या हातून चूक झाली आणि कुणालाच कळणार नसेल, तर काय कराल?”

मी म्हटलं, “मॅडम, विमानात बसणाऱ्याला आपल्यावर विश्वास ठेवण्यावाचून पर्याय नसतो. म्हणून आपल्याला सांगण्यावाचून पर्याय नसतो.”

त्या वाक्यावर मला ती जागा मिळाली. मी ते घरी आरशासमोर पाठ केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पोचलो तर ड्रम जागेवर नव्हता. रंगकामाला गेला होता. मी रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिलो. त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर ड्रम परत आला असता, चार शब्द ऐकावे लागले असते, एवढंच. पण मुलाखतीचा निकाल लागायचा होता. मी स्वतःला समजावलं की एवढ्या हजारो रिव्हेटांत एक कच्चा राहिला तर काही होत नाही. हे खरंही आहे. आखणी करणारे इंजिनियर तेवढी सवलत धरूनच चालतात. पण ती सवलत न कळलेल्या चुकीसाठी असते. कळलेल्या चुकीने ती वापरायची नसते.

आठवड्याभराने मला एक्केचाळीस नंबरचा शिक्का मिळाला आणि माझी बदली घारीच्या शेडला झाली. शंकरभाऊ तिकडेच राहिले. कधी कँटीनमध्ये भेटले तर मान हलवून पुढे जायचे. मला वाटलं, मी इन्स्पेक्टर झालो म्हणून दुरावा आला असेल. असं होतं, असं मी बायकोलाही सांगितलं.

प्रत्येक विमानाची एक वही असते. कुठला पत्रा कुठून आला, कोणी काय जोडलं, कुठे काय चुकलं, सगळं त्यात. चौथ्या बगळ्याची वही मी कधीही उघडू शकलो असतो. उघडली नाही. दुसऱ्यांच्या कामावर मात्र मी बारीक नजर ठेवत होतो. कडक इन्स्पेक्टर म्हणून माझं नाव झालं. एका फिटरला मी त्याची पेन्सिल खिशात दिसली नाही म्हणून पंधरा मिनिटं सुनावलं होतं. तो गेल्यावर मी मुतारीत जाऊन उभा राहिलो, नुसताच.

सात वर्षांपूर्वी आईला घेऊन बंगळूरला निघालो होतो, बहिणीकडे. आईचा पहिला विमानप्रवास. तिने गांधीबागेच्या बाजारातून मुद्दाम त्यासाठी नवी साडी आणली होती. पोरगा विमान बनवतो आणि आई रेल्वेनेच फिरते, हे तिला पटत नव्हतं. विमान आमचाच बगळा होता. दारातून आत शिरताना चौकटीवर एक छोटी पट्टी असते, तिच्यावर विमानाचा क्रमांक कोरलेला असतो. प्रवासी ती बघत नाहीत. मला सवय.

चार.

मागून लोक ढकलत होते. आई पुढे जाऊन हवाई सुंदरीला नमस्कार करून मोकळी झाली होती. मी तिच्या मागोमाग गेलो. आमची जागा मागच्या बाजूला होती. बसल्यावर मी नकळत मागे वळून मनातल्या मनात सांगाड्याच्या कड्या मोजत होतो. इथून किती मागे असेल तो रिव्हेट?

आई म्हणाली, “काहून रे, एवढा घाम काहून येऊन राहिला तुले? तूच तर बनवलं ना?”

“हो.”

“मग?” असं म्हणून तिने पट्टा घट्ट केला आणि विमान उडायच्या आधीच झोपली. माझ्यावर एवढा विश्वास होता तिचा. दीड तास मी तिच्या हातावर हात ठेवून बसलो. धोका नाही हे मला माहीत होतं. ते माहीत असूनही, तसा दीड तास कोणाच्या वाट्याला येऊ नये. आणि हेही सांगतो, की परत आल्यावरही मी काही बोललो नाही.

मग दोन वर्षांपूर्वी कंपनीने स्वतःची प्रशिक्षण शाळा काढली. आयटीआय झालेल्या मुला-मुलींना तिथे हाताचं काम शिकवायचं. त्यासाठी निवृत्तीला आलेल्या जुन्या कारागिरांतून उस्ताद निवडायचे होते. अर्ज आले. ज्याच्या कामाच्या नोंदीत ठपका नाही तोच घ्यायचा, असं ठरलं. नोंदी तपासायचं काम माझ्याकडे आलं. पाच नावं होती. चौथं शंकर ठवकर, आणि त्यासमोर आधीच ठपक्याची लाल रेघ.

मी चिठ्ठी काढली. आमच्याकडे काही बिघडलं की त्याची चिठ्ठी होते आणि कारणाच्या तीन रकान्यांपैकी एकात खूण करावी लागते. गन, डॉली की छिद्र. विमान: चौथा बगळा. जागा: शेपटीचा ड्रम, शेवटून तिसरा रिव्हेट. वेळ: माझ्या मुलाखतीच्याच दिवशीची, संध्याकाळची. खूण ‘डॉली’वर. खाली शंकरभाऊंच्या ओबडधोबड अक्षरात दोन ओळी.

‘तीनऐवजी दोनच ठोके दिले. चूक माझी. रिव्हेट काढून नवा मारला.’

मी ती चिठ्ठी किती वेळा वाचली कोण जाणे. म्हणजे नऊ वर्षं तो रिव्हेट तिथे नव्हताच. आईच्या मागे नव्हता. कुणाच्याच मागे नव्हता. एका क्षणात छातीवरचा दगड उतरला आणि दुसऱ्याच क्षणी त्याहून मोठा बसला. डॉलीवाल्यासाठी याहून मोठा ठपका नाही. पत्रा फाडला तरी चालेल, पण ठोके खोटे दिले? इतक्या वर्षांत त्यांना जोडीप्रमुख, म्हणजे सगळ्या जोड्यांवरचा मुकादम, का केलं नाही, हे मला आता कळलं. मी तेव्हा म्हटलं होतं, शिक्षण कमी पडलं असेल.

मी नाफडे मॅडमकडे गेलो. म्हटलं, ठवकरांचं काय करायचं?

“कामाला उत्तम माणूस,” त्या म्हणाल्या. “पण तीनचे दोन देणारा माणूस मुलांना ठोके शिकवणार? नाही जमायचं. सोमवारी यादी पक्की करून द्या.”

तो शनिवार होता. तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, “हो मॅडम,” आणि बाहेर आलो. माणूस एकदा चुकला की शहाणा होतो असं नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

रविवारी सकाळी मोटरसायकल काढली आणि कुहीच्या रस्त्याला लागलो. धानाची कापणी झाली होती. शंकरभाऊ अंगणात खाटेवर बसून विळ्याची मूठ बसवत होते. त्यांची बायको, रुखमाकाकू, सूप घेऊन धान पाखडत होती. मला बघून शंकरभाऊंना आनंद झाला की नाही कळलं नाही. “ये,” म्हणाले.

पाणी झालं, माझ्यापुरता चहा आला. मी म्हटलं, “शंकरभाऊ, मी ती चिठ्ठी वाचली.”

“काय?”

“चिठ्ठी. चौथ्या बगळ्याची.”

“जोरात बोल गा. आयकू नाही येत मले.”

इतकी वर्षं ड्रमच्या आत डोकं घालून काम केलेला माणूस. कानाला संरक्षण मिळायचं, पण ते लावलं की ठोके नीट कळत नाहीत म्हणून त्यांनी कधी धड लावलं नाही. माझ्या गनने त्यांचे कान गेले होते. हेही मी तेव्हाच पाहिलं, समोरासमोर बसून.

मी आवाज वाढवला. तरी नाही. शेवटी ओरडलो, “मी तीन ऐकले होते! तुम्ही तीन दिले, मी ऐकले, आणि तसाच निघून गेलो!”

शेजारच्या अंगणातल्या दोघी काम थांबवून बघू लागल्या. एक कुत्रं भुंकलं. कबुली हळू आवाजात द्यायची असते असं मला वाटत होतं. मला ती अख्ख्या गल्लीला ऐकवावी लागली.

शंकरभाऊंनी विळा बाजूला ठेवला.

“मले मालूम हाय,” ते म्हणाले. “मी बाहेर येऊन पायलं. पिवळा गोल नाही. तुहा पत्ता नाही. मनलं, हा येईन वापस. पाच वाजले, तू काही आला नाही. मंग दुसऱ्या पाळीच्या गनवाल्याले धरलं अन् काढला रिव्हेट.”

“मग ‘डॉली’वर खूण कशाला केली?”

“काय करू मंग? ‘गन’वर करू? खाली लिहू, का याले तीन आयकू आले अन् हा पळाला? तुह्या मुलाखतीचा निकाल लागाचा होता. मले वाटलं बारकी चिठ्ठी हाय, फेकतीन. मले काय मालूम ते लोक जपून ठेवतेत.”

“मला का नाही सांगितलं?”

आता त्यांचा आवाज चढला. “काहून सांगू? तू इचारलं का? नऊ वर्षं तुह्यासंगं चहा नाही पेलो मी. ध्यानात नाही आलं का तुह्या? मले राग होता. रोज वाट पायली, आज हा येईन, उद्या येईन. तू साहेब झाला.”

रुखमाकाकू सूप आपटून म्हणाली, “अन् राग कोनावर निंगे? आमच्यावर! भाजीत मीठ कमी तं तीन ठोके, भाकर करपली तं तीन ठोके. ताटावर! नऊ वर्षं आयकून राहिलो आम्ही तुह्या वाटचे ठोके!”

मी रडत होतो आणि त्यातच हसू आलं. शंकरभाऊ हसले नाहीत. विळा परत हातात घेऊन म्हणाले, “त्या शाळेचं जमते का पाय. घरी बसून मी काय करू? मानसाचं बोलनं आयकू येत नाही मले. ड्रममंदी हाताले आयकू येते.”

एवढंच त्यांनी मागितलं. तेही माझ्याकडे.

सोमवारी मी यादीऐवजी दोन पानांची कबुली मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली. चष्मा काढला.

“मुलाखतीत तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतं?”

“पाठ केलं होतं, मॅडम.”

“मी ते वाक्य दरवर्षी नव्या मुलांना सांगते,” त्या म्हणाल्या. “तुमचं नाव घेऊन.” मग चष्मा परत लावला. “आता हेही सांगीन. नाव घेऊन.”

शिक्षा झाली, आणि ती व्हायला हवी होती. शिक्का काढून घेतला. काढलेल्या शिक्क्याचा नंबर आमच्याकडे परत कोणाला देत नाहीत, तो कातरून टाकतात. माझ्यासमोर एक्केचाळीस नंबर कातरला गेला. मी खाली उतरून परत गनवर आलो, वर्षभरासाठी. शंकरभाऊंच्या चिठ्ठीला दुरुस्तीची पुरवणी जोडली गेली. त्यांनी खोटं कारण लिहिलं म्हणून त्यांनाही एक लेखी समज मिळाली. ती फ्रेम करून घरात लावायची म्हणून त्यांनी कॉपी मागितली. मिळाली नाही. पण लाल रेघ खोडली गेली.

हुकलेलं जोडीप्रमुखपद मात्र कोणी परत देऊ शकलं नाही. कान तर नाहीच. ते देणं माझ्याकडे राहील.

शाळेचा पहिला वर्ग भरला तेव्हा मॅडमनी मलाच गनवर बोलावलं. वीसेक मुलं-मुली अर्धगोल करून उभी. मधे शिकवण्यासाठी ठेवलेला ड्रमचा तुकडा. शंकरभाऊ पांढरा शर्ट घालून आले होते. त्यांनी मुलांना एक, दोन, तीन ठोक्यांचे अर्थ सांगितले आणि डॉली घेऊन आत गेले. जवळजवळ दहा वर्षांनी मधे पत्रा ठेवून आम्ही दोघं उभे होतो.

मी पहिला रिव्हेट मारला. आतून दोन ठोके, मोकळे, जुने. दुसरा मारला. दोन ठोके. तिसरा मारला. हाताला कळतं, तो तिन्हीत उत्तम बसला होता.

ठक. ठक. ठक.

मी कानावरची पेन्सिल काढली, रिव्हेटभोवती पिवळा गोल केला आणि ड्रिलकडे वळलो. पुढची एक मुलगी वाकून आत बघत होती. ती म्हणाली, “सर, पण तो चांगला आहे. मला दिसतोय.”

“तुला दिसतोय,” मी म्हटलं. “मला तीन ठोके आले.”

मी तो सावकाश काढला. छिद्र तपासलं. स्टोअरपर्यंत चालत गेलो, सही केली, मोठ्या मापाचा रिव्हेट आणला. सगळा वर्ग अर्धा तास उभा होता, कोणी हललं नाही. नवा रिव्हेट घातला आणि गन मारली. आत शांतता. मी थांबलो. मी कितीही वेळ थांबलो असतो.

मग दोन ठोके आले.

शंकरभाऊ बाहेर आले, मनगटाने घाम पुसला, माझ्याकडे न बघता मुलांना म्हणाले, “हा माहा जोडीदार. चला, आता तुमच्यातलं कोन येते आत?”

त्या दुपारी कँटीनमध्ये त्यांनी दोन चहा आणले, आणि एक माझ्यासमोर ठेवला.